गाजराचा राजहंस

गाजरं उभी चिरायची, हे वहिनींनी दिराला तीनदा सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी फोनवर एकदा, पहाटे गाडीत बसताना एकदा, आणि घोडीवर चढताना, एक पाय रिकिबीत असताना, आणखी एकदा.

"उभी. बोटाएवढी जाड, बोटाएवढी लांब. गोल चकत्या करायच्या नाहीत, चकती घोड्याच्या घशात अडकते. कळलं ना भावजी?"

"कळलं की वहिनी. उभी."

आणि आता शर्यतीची बत्तीस किलोमीटरची पहिली फेरी संपवून, नाकातोंडात धूळ घेऊन वहिनी तळावर उतरल्या, तर बादलीत एकही गाजर नव्हतं. बादलीभर गुलाब होते. नारिंगी, टपोरे, पाकळी न् पाकळी सुटी कोरलेले गुलाब पाण्यावर तरंगत होते. शेजारी घडीच्या टेबलावर पांढरा टॉवेल अंथरलेला होता आणि त्यावर एक राजहंस बसला होता. तीन जाडजूड गाजरं एकमेकांत खाचा पाडून अडकवलेली, मान एका बाजूला वळवलेली, पंख उचललेले, डोळ्याच्या जागी लवंग. भोवती सात-आठ माणसं मोबाइल उंच धरून फोटो काढत होती.

"भावजी, हे काय आहे?"

"राजहंस, वहिनी."

"तो राजहंस आहे हे मला दिसतंय! गाजरं कुठे आहेत?"

"हीच की," दीर म्हणाला आणि त्यानं राजहंसाच्या पंखावरचा पाण्याचा थेंब हलकेच टिपला.

वहिनींचा स्वभाव मुळातच तापट. त्यातून त्या दातांच्या डॉक्टर. दिवसभर समोरचा माणूस तोंडाचा आ वासून खुर्चीत पडलेला. त्याला काहीही बोललं तरी तो फार तर 'आँ' म्हणतो. वीस वर्षं असं चालल्यामुळे उलट उत्तर ऐकायची सवय त्यांच्या कानांना राहिलीच नव्हती. घरी नवरा होता, पण तो शहाणा होता. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तळावर थांबून घोडीची सेवा करायचं काम बारा वर्षं त्यानं बिनबोभाट केलं होतं. पाणी तयार, गवत तयार, गाजरं उभी चिरलेली. पण परवा पेंडीचं पोतं उचलताना त्याची पाठ धरली आणि तो लाकडाच्या फळीसारखा पलंगावर आडवा झाला. आडव्या आडव्याच त्यानं धाकट्या भावाला फोन केला.

हा धाकटा भाऊ एका मोठ्या हॉटेलात सॅलडच्या टेबलाची सजावट करायचा. काकडीची पानं, मुळ्याची कमळं, कलिंगडाच्या टोपल्या. त्याच्या हातात सुरी आणि भाजी एकत्र आली की पुढे काय होणार हे घरातल्या लहान पोरालाही सांगता आलं असतं. ते वहिनींच्या लक्षात आलं नाही, याचा राग त्यांना सगळ्यात जास्त येत होता. आणि स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"दोन तास लागले वहिनी," दीर सांगत होता. "गुलाबाला वेळ जात नाही, पण मान जमेना. दोनदा मोडली."

"आता तिसऱ्यांदा मी मोडते! कुणाची ते विचारू नका!"

घरातल्या रीतीप्रमाणे वहिनी दिराला 'अहो-जाहो' करायच्या. त्यामुळे त्यांची शिवीसुद्धा पाटावर बसवून वाढल्यासारखी यायची आणि दुप्पट लागायची. फोटो काढणारी माणसं दोन पावलं मागे सरली.

शर्यत कसली, तर ऐंशी किलोमीटरची. तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर तळावर यायचं, वीस मिनिटांच्या आत घोड्याच्या काळजाचे ठोके मिनिटाला चौसष्टच्या खाली आणायचे आणि घोड्यांच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं. ठोके बघतात, चाल बघतात, पोटाला नळी लावून आतडी चालू आहेत की नाहीत ते ऐकतात. सगळं ठीक असेल तर चाळीस मिनिटं सक्तीची विश्रांती आणि मग पुढची फेरी. पहिला कोण आला याला मान असतोच. पण घोडा धडधाकट ठेवून शेवटपर्यंत पोचणं हीच खरी शर्यत.

वहिनींची घोडी तांबडी. अंगानंही तांबडी आणि नावानंही. पळायला वाऱ्यासारखी, पण एकदा पळाली की खाणंपिणं विसरायची. पोट गप्प व्हायचं आणि डॉक्टर मान हलवायचे. मागची दोन वर्षं ती दुसऱ्या तपासणीतच बाद झाली होती. तिला फक्त एक गोष्ट खायला लावायची, ती म्हणजे गाजर. तोंडात गाजर पडलं की भूक जागी व्हायची, मग गवत, मग पाणी, मग सगळं सुरळीत. आता तांबडी सतरा वर्षांची होती. एवढ्या मोठ्या पल्ल्याला तिला पुन्हा न्यायचं नाही, हे वहिनींनी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

म्हणून त्यांनी तोंड मिटलं, खोगीर उतरवलं, घोडीच्या मानेवर पाणी ओतलं आणि ती तपासणीला नेली.

"ठोके अठ्ठावन्न. छान," घोड्यांचे डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी पोटाला नळी लावली आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. "डावीकडे शांतता आहे बाई. काहीतरी खायला घाला. पुढच्या तपासणीला असंच असलं, तर मी सोडणार नाही."

वहिनींनी बादलीतला एक गुलाब उचलून घोडीपुढे धरला. तांबडीनं तो हुंगला, वरचा ओठ गुंडाळून दात दाखवले आणि फुर्रकन अशी शिंकली की वहिनींच्या चष्म्यावर नक्षी उमटली.

"पाण्यात काय घातलंत?"

"थोडं व्हिनेगर. पाकळ्या ताज्या राहतात."

"भावजी!"

"हॉटेलात आम्ही नेहमीच—"

"ही हॉटेलात आलीय का जेवायला? हिच्या गळ्यात रुमाल बांधलाय का मी?"

पोत्यात अजून तीन किलो गाजरं होती, पण ती पुढच्या दोन थांब्यांची. वहिनींनी बाह्या वर सारल्या आणि तळावरच्या नळाखाली स्वतः गुलाब धुवायला बसल्या. चार पाण्यांनी धुतले. विश्रांती घोडीला होती, त्यांना नव्हती. चौथ्या पाण्यानंतर तांबडीनं एक गुलाब खाल्ला. मग दुसरा. अकरा गुलाब खाऊन झाल्यावर तिनं गवतात तोंड घातलं, तेव्हा वहिनींचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात फोन वाजला.

"कसं चाललंय?" नवऱ्यानं पलंगावरून विचारलं.

"तुमच्या भावाला मी इथेच पुरून येणार आहे."

"अगं, पण हंस काय सुरेख केलाय! त्यानं फोटो पाठवलाय सगळ्यांना. आईनं लिहिलंय, 'किती गुणी आहे माझं लेकरू.'"

वहिनींनी फोन बंद केला. घोडीला खोगीर चढवताना त्यांनी पट्टा असा आवळला की तांबडीनं मान वळवून बघितलं.

"भावजी, नीट ऐका. उरलेली गाजरं उभी चिरायची. फूल नाही, पान नाही, पक्षी नाही. आणि मी परत येईपर्यंत तुमच्या तोंडातून एक शब्द बाहेर पडता कामा नये. कुणाशी गप्पा नाहीत, कुणाला कला दाखवायची नाही. मी 'बोला' म्हणेपर्यंत तोंड बंद."

"पण वहिनी, त्या हंसाचं—"

"एक शब्द नाही!"

दिरानं ओठ मिटले आणि मान डोलावली.

दुसरी फेरी अठ्ठावीस किलोमीटरची. वाट चांगली होती, झाडांची सावली होती, ओढ्याला पाणी होतं. यातलं वहिनींना काही दिसलं नाही. त्या मनातल्या मनात दिराशी भांडत होत्या. भांडणात तोही उत्तरं देत होता, त्यामुळे ते लांबलं. मधे नवरा पडला, मग सासूबाई पडल्या. दहाव्या किलोमीटरला वहिनींनी तिघांनाही निरुत्तर केलं, पण तेवढ्यानं समाधान होईना म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तांबडीला वाटलं, बाई आपल्यालाच टाच मारताहेत. ती नेहमीपेक्षा जोरात सुटली. त्यामुळे ठरवल्यापेक्षा दहा मिनिटं आधी, घामानं निथळत, दोघी तळावर हजर झाल्या.

तळावर तिघं जण त्यांची वाट बघत उभे होते. एक घोड्यांचे डॉक्टर. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. ते पांढऱ्या घोड्यावरून भाग घ्यायचे, सगळ्यांशी मऊ बोलायचे आणि दर वर्षी वहिनींच्या पुढे असायचे. तिसरे मुख्य पंच. उंच, किडकिडीत, काखेत नियमांचं पुस्तक. पंचांच्या हातात प्लास्टिकची एक पारदर्शक पिशवी होती आणि पिशवीत राजहंसाचं मुंडकं होतं.

"वहिनी," पंच गंभीरपणे म्हणाले, "हे ओळखता का?"

"तुम्ही मला वहिनी का म्हणता?"

"इथे सगळे वहिनीच म्हणतात. मला वाटलं तेच नाव आहे." पंचांनी पिशवी वर धरली. "हे तुमच्या टेबलावरचं आहे का?"

घडलं होतं ते असं. मॅनेजर वहिनींच्या आधी पाऊण तास तळावर पोचले होते. तपासणी उरकली आणि घोड्याला फिरवता फिरवता ते राजहंस बघायला थांबले. त्यांनी दिराचं तोंड भरून कौतुक केलं. दीर हुकमाप्रमाणे गप्प राहून नुसता लाजला. आणि दोघंही असे एकमेकांकडे बघत असताना पांढऱ्या घोड्यानं मान लांबवली आणि राजहंस उचलला. मान मोडून डोकं तेवढं टॉवेलवर पडलं. बाकीचा राजहंस दोन घासांत गेला. मॅनेजर सरळ माणूस. लवंग बघून त्यांना काळजी वाटली, म्हणून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "यानं घोड्याला अपाय तर नाही ना होणार?" डॉक्टरांनी पंचांना विचारलं. पंचांनी पुस्तक उघडलं. पंचांनी पुस्तक उघडलं की कुणाचंच भलं होत नसे.

"लवंग बधिर करणाऱ्या पदार्थांत मोडते," पंच म्हणाले. "नियमाप्रमाणे शर्यत चालू असताना ती घोड्याच्या पोटात गेली, तर घोडा बाद. इथे एकच डोळा शिल्लक आहे. दुसरा डोळा कुठे आहे?"

"मला काय माहीत दुसरा डोळा कुठे आहे? माझी घोडी घाम गाळतेय, वीस मिनिटं चालू झालीत, बाजूला व्हा!"

"मॅनेजरसाहेबांच्या घोड्यानं खाल्ला, की सकाळी तुमच्या घोडीनं खाल्ला, हे ठरल्याशिवाय मला दोघांनाही पुढे सोडता येणार नाही."

मॅनेजरांचा चेहरा पांढऱ्या घोड्याहून पांढरा झाला. आपण विचारलेला साधा प्रश्न आपल्याच घोड्याच्या पायात दोरीसारखा अडकला, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. "नाही, म्हणजे, डोळा खाली गवतातही पडला असेल," ते घाईघाईनं म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून गवत चाचपू लागले.

पंच दोन पावलं पुढे आले, वहिनींच्या जाकिटाजवळ नाक नेऊन त्यांनी हुंगलं आणि भुवया उंचावल्या. "वहिनी, तुमच्या अंगालाही लवंगेचा वास येतोय."

हे ऐकलं आणि वहिनींच्या तळपायाची आग मस्तकाला जाऊन भिडली.

"मी दातांची डॉक्टर आहे! माझ्या जाकिटाला लवंगेचा वास येतो, माझ्या पर्सला येतो, माझ्या घरच्या पडद्यांना येतो! माझा नवरा म्हणतो, लग्नाच्या अल्बमलाही येतो! उद्या माझ्या नवऱ्यालाही बाद करा!"

"शांतपणे बोला."

"मी शांतच आहे!" वहिनी अशा ओरडल्या की पलीकडच्या दोन घोड्यांनी खुंटे हलवले. मग त्या गर्रकन वळल्या. "भावजी! सांगा यांना, दुसरा डोळा कुठे गेला?"

दीर घोडीच्या मानेशी उभा होता. एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातात ओला स्पंज. त्यानं मान हलवली.

"मान काय हलवताय? तोंडानं सांगा की!"

दिरानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि वहिनींकडे दाखवलं.

"हा माणूस मुका आहे का?" पंचांनी विचारलं.

"मुका असता तर आज मी सुखी असते! भावजी, गाढवासारखे उभे राहू नका, बोला!"

"बोलू?" दिरानं खात्री करून घेतली.

"बोला!!"

"दुसरा डोळा नव्हताच," दीर म्हणाला.

मॅनेजर गवतातून उठले.

"नव्हता म्हणजे?"

"एकच लावला होता. हंसाची मान वळलेली आहे ना. लोक समोरून बघतात, मागून कोण बघतं? हॉटेलात आम्ही एकाच बाजूला डोळा लावतो. दुसरा लावला तरी कुणाला दिसतो?" पिशवीकडे बोट दाखवत तो म्हणाला, "पलीकडच्या गालाला भोकसुद्धा पडलेलं नाही, बघा."

पंचांनी पिशवी उलटी केली. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी मुंडकं डोळ्यांजवळ नेलं. मग डॉक्टरांनी नेलं. मग मॅनेजरांनी नेलं आणि त्यांच्या तोंडून असा सुस्कारा सुटला, जसा पेपर सोपा निघाल्यावर पोराच्या तोंडून सुटतो. पलीकडचा गाल गुळगुळीत होता. भोक नव्हतं, ओरखडाही नव्हता.

"हे तुम्ही मघाशीच का नाही सांगितलं?" पंच खेकसले.

"वहिनींनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं."

आता सगळे वहिनींकडे बघू लागले. वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण डॉक्टरांनी घड्याळ दाखवलं. वीस मिनिटांतली बारा गेली होती. डॉक्टरांनी पुढे होऊन घोडीच्या छातीला नळी लावली.

"बहात्तर."

"कसं शक्य आहे? बारा मिनिटं उभी आहे ती!"

"अठ्ठ्याहत्तर," डॉक्टर म्हणाले.

"अहो, पण मघाशी बहात्तर—"

"ऐंशी." डॉक्टरांनी नळी कानातून काढली. "बाई, एक सांगू? तुम्ही बोललात की आकडा वर जातो. तुमचा आवाज त्या जनावराच्या काळजात वाजतोय. तुम्ही जरा लांब जाऊन उभ्या राहा."

"मी? माझ्या घोडीपासून? सतरा वर्षं तिला मी—"

"त्या पाण्याच्या टाकीमागे. आणि कृपा करून तिथूनही काही बोलू नका. आठ मिनिटं आहेत. ती संपली तर मला काही करता येणार नाही."

वहिनींनी डॉक्टरांकडे पाहिलं, घोडीकडे पाहिलं. दिराकडे त्यांना बघवेना. मग त्या टाकीकडे चालू लागल्या. त्या आठ मिनिटांत त्यांना जेवढा राग आला, तेवढा सबंध आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला समोर पत्र्याच्या टाकीशिवाय कुणी नव्हतं. टाकीला एक लाथ घालावी असं मनात आलं. पण आवाज होईल म्हणून त्यांनी उचललेला पाय परत खाली ठेवला. टाकीच्या कडेनं एक डोळा बाहेर काढून त्या बघू लागल्या.

दीर घोडीच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटत होता. स्पंज मानेवरून फिरत होता. आणि पाठीमागे धरलेल्या त्या हातात, आता वहिनींना दिसलं, चिरलेली गाजरं होती. उभी. बोटाएवढी जाड, बोटाएवढी लांब, पट्टीनं मोजून कापल्यासारखी. म्हणजे सगळी चौकशी चालू असताना तो पाठीमागच्या हातानं घोडीला एकेक फोड देत होता. शेजारची बादली निम्मी झाली होती.

गाजरं अगदी बिनचूक चिरलेली होती. ओरडायला जागाच नव्हती. वहिनींनी दातओठ खाल्ले.

"अठ्ठावन्न!" डॉक्टरांचा आवाज आला. मग त्यांनी पोटाला नळी लावली आणि ते चक्क हसले. "इथे तर बँडबाजा चालू आहे. जाऊ द्या पुढे!"

तांबडी मागच्या दोन वर्षांत पहिल्यांदाच दुसऱ्या तपासणीतून सुटली होती. टाकीमागे वहिनींनी चष्मा काढून पुसला. धूळ फार होती.

तिसरी फेरी वीस किलोमीटरची. वहिनींनी या वेळी मनातसुद्धा कुणाशी भांडायचं नाही असं ठरवलं. न जाणो, डॉक्टर म्हणाले तसं तेही घोडीला ऐकू जायचं. पहिले पाच किलोमीटर कठीण गेले. मग त्यांना तांबडीच्या कानांमधून वाट दिसू लागली. चढावर त्या उतरून पायी चालल्या. घोडीनं त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तशीच चालत राहिली. शेवटच्या वळणावर तळाची निशाणं दिसली तेव्हा तांबडीनं स्वतःहून चाल वाढवली.

बारा घोडे निघाले होते, सात पोचले. तांबडी सहावी आली. मॅनेजर पाचवे. शेवटच्या तपासणीला घोडी लगाम हातात धरून पळवून दाखवायची असते. वहिनींनी लगाम ओढला, तर तांबडी जागची हलेना. ती बादलीकडे बघत होती. दिरानं लगाम घेतला आणि दोघं दुडक्या चालीनं अशी गेली आणि आली की कुणी म्हणावं, आत्ता तबेल्यातून निघालीत. डॉक्टरांनी कार्डावर सही केली. ऐंशी किलोमीटर पूर्ण.

वहिनींना रडू येणार होतं. पण तेवढ्यात त्यांना मॅनेजर दिसले. ते दिराच्या खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात काहीतरी बोलत होते, आणि दीर मान डोलावत होता.

"काय चाललंय?" वहिनी तिथे पोचल्या.

"काही नाही वहिनी," मॅनेजर म्हणाले. "पुढच्या वर्षी आमच्या घोड्याच्या सेवेला यावं, अशी विनंती करत होतो यांना. असा शांत हाताचा माणूस मिळत नाही हो. आणि काय ते कोरीवकाम!"

"माझा दीर पळवता?" वहिनींचा आवाज चढला. सकाळपासून ज्या माणसाला पुरायला त्या जागा शोधत होत्या, त्याच्यापुढे त्या आता दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. "वर्षानुवर्षं माझ्या पुढे जाता ते पुरलं नाही का? घरातली माणसं न्यायला लागलात? तो कुठेही येणार नाही! भावजी, सांगा यांना!"

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "मी हो म्हटलंय."

वहिनींचे हात खाली आले.

"कधी?"

"आत्ताच. ते नीट विचारतात हो. 'कृपया' म्हणाले."

मॅनेजरांनी नम्रपणे मान लववली आणि ते आपल्या घोड्याकडे निघून गेले. वहिनींना बोलायला पुष्कळ होतं, आणि ते सगळं नेहमीच्या वाटेनं जोरात वर येत होतं. पण शेजारी तांबडी होती, दिराच्या काखेत तोंड खुपसून डोळे मिटून उभी. वहिनींनी आलेलं सगळं गिळलं. गिळताना आवाज झाला.

"तबेल्यात आणखी एक घोडी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पाच वर्षांची. पुढच्या वर्षी तिला आणायचा विचार आहे."

"हो का?"

"हो." त्यांनी तांबडीच्या आयाळीतली एक काडी काढली. "तुम्ही... तुम्ही याल का, कृपया?"

तो शब्द त्यांच्या तोंडून अक्कलदाढ उपटल्यासारखा निघाला.

दीर विचारात पडला. "बघतो," तो म्हणाला. "घरी पोचल्यावर सांगतो. चालेल?"

"चालेल," वहिनी म्हणाल्या.

घोडी गाडीत चढवून ते निघाले तेव्हा ऊन कलत आलं होतं. वहिनी चालवत होत्या, दीर शेजारी बसला होता. फाट्याला आल्यावर त्यानं बाहेर बघून सांगितलं, "इथून सरळ, वहिनी." सरळ गेल्यावर एक बंद गिरणी लागली आणि रस्ता संपला. वहिनींनी काही न बोलता गाडी मागे घेतली. पुढच्या चौकात तो म्हणाला, "आता मागच्या अंगानं घ्या, जवळ पडेल." त्यांनी मागच्या अंगानं घेतली. घोडीची गाडी जोडलेली असताना त्या अरुंद गल्लीतून उलटं बाहेर पडायला पंचवीस मिनिटं गेली. वहिनींच्या कपाळावरची शीर थडथड उडत होती, पण दिराचं उत्तर अजून यायचं होतं, म्हणून तोंड बंद होतं. "दमलात वाटतं," दीर काळजीनं म्हणाला.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर शेवटचं वळण आलं. या रस्त्यानं वहिनी बारा वर्षं ये-जा करत होत्या. इथे उजवीकडे वळायचं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. उजवीकडच्या पाटीवर त्यांच्या गावाचं नाव हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं.

"डावीकडे, वहिनी," दीर म्हणाला. "मला पक्कं आठवतंय."

वहिनींनी एकदा पाटीकडे पाहिलं. मग आरशातून मागे जोडलेल्या घोडीच्या गाडीकडे पाहिलं. आणि त्यांनी गाडी डावीकडे घेतली.